साचा

सोमवारी लिलावातून आठ गाड्या यायच्या,
खऱ्या पोलिसांनी टाकून दिलेल्या,
लाख लाख मैल धावून दमलेल्या,
सीटच्या फोममध्ये शिळी कॉफी आणि कुणाकुणाचा घाम.
शुक्रवारपर्यंत त्यातल्या पाच तळ्यात.

मी एकोणीस वर्षांची. न्यूहॉलच्या मागे,
वाळक्या गवताच्या टेकड्यांखाली, पत्र्याची शेड.
माझं काम एवढंच:
पुठ्ठ्याचा साचा पुढच्या दारावर दाबून धरायचा
आणि व्हर्लन प्रुएटचा सोनेरी फवारा संपेपर्यंत
हात हलू द्यायचा नाही.
साचा उचलला की तारा.
सहा टोकांचा, त्यातलं एक टोक लुळं,
कारण पहिल्याच वर्षी पुठ्ठा तिथे फाटला
आणि नवा कापायला सवड होती कुणाला?
दर आठवड्याला अख्खा देश बघायचा तो तारा.
एकाचंही पत्र आलं नाही.

छपरावरचा दिवा मात्र महाग, आणि तो एकच.
गाडी उडवायच्या आधी व्हर्लन चार नट फिरवून
दिवा उतरवायचा, बाळाला पाळण्यातून उचलावं तसा,
आणि त्या जागी रंगवलेला लाकडी ठोकळा.
"गाड्यांना काय तोटा, पोरी," तो म्हणायचा.
डिकीत वाळूची पोती भरायची,
नाहीतर गाडी हवेत नाक खाली घालते.
"उडायचं असेल तर बूड जड हवं."
हे त्याने मला दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा माझ्या लग्नात.

शेरीफ झालेला नट तेव्हा सावलीत बसलेला,
पोटाला बांधलेली उशी सैल करून.
चाकामागे ओनीटा रस्क, पाच फूट एक इंच,
बुडाखाली टेलिफोनच्या दोन डिरेक्टऱ्या,
ओठावर गोंदाने चिकटवलेली मिशी.
गाडीचा चक्काचूर झाला तरी चालायचं.
मिशी उडाली तर पुन्हा.

तिसऱ्या वर्षातली ती गाडी,
बाकीच्यांसारखीच. मी मागची सीट उचकटत होते.
मागच्या दाराच्या आतल्या अंगाला,
किल्लीने किंवा बेडीच्या कडेने
कुणीतरी खरवडलेलं होतं:
डेसिडेरिओ. मे एकाहत्तर.
मी घरी चाललो होतो.

एवढंच. शेवटचं अक्षर घसरत खाली गेलेलं,
गाडी वळली असेल तिथे.
मी बाहेर यायला दाराकडे हात नेला
तेव्हा कळलं, मागच्या दारांना आतून कडी नसते.
आमच्या मालिकेत मागे कधी कुणी बसलंच नव्हतं.
आमचे चोर देखणे, हसरे,
जाहिरातींच्या आत निसटणारे.

व्हर्लनला हाक मारली. त्याने दार उघडलं,
वाकून वाचलं, ओठ हलवत,
मग बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धुतले,
जे धुवायची गरज नव्हती.
परत आला. मास्क चढवला.
"धर साचा," म्हणाला.
पुढच्या दारावर तारा, मागच्या दारात तो माणूस,
मध्ये हातभर पत्रा.

गुरुवारी ओनीटाने ती सुंदर उडवली.
तळ्यावर क्षणभर तरंगली, मग बुडबुडे.
शेरीफ भिजलेली टोपी पिळत काठावर आला,
बदकाने त्याच्याकडे पाहिलं,
हशा नंतर चिकटवला.
क्रेनने वर काढली तेव्हा चारही दारं चेपून
एकमेकांत गेलेली. भंगारवाला थांबत नव्हता.
मी विचारलंही नाही.

दुपारच्या वेळी अजून दाखवतात ते भाग.
नात म्हणते, आजी, तुझी गाडी, तुझी गाडी,
आणि बदकाच्या आधीच हसायला लागते.
मीही हसते. बदक खरंच चांगलं होतं.
पण पाणी ताऱ्यापर्यंत चढतं तेव्हा
खुर्चीच्या हातावरचा माझा पंजा
आपोआप सपाट होतो, दाबून धरतो,
फवारा संपेपर्यंत.