न नेलेली भांडी

पालमपूरची बस मला पुलाशी सोडून गेली.
तिथून वर वीस मिनिटं, कूल्हीच्या काठाने.
कूल्ह म्हणजे पाट. बर्फाचं पाणी शेतात नेतो,
पण स्वतःच्या मनाने नाही, गावाने लावलेल्या पाळीने.

‘कलाकारांचं गाव’ असं फाट्यावरच्या पाटीवर आहे.
पाटीवर शेवाळ आहे.
कलाकार तीन उरलेत,
त्यातले दोघे थंडी पडली की दिल्लीला उतरतात.
राहिलं ते हे:
स्लेटच्या छपराखाली चार चाकं, एक भट्टी,
दारात मावेल तेवढा धौलाधार,
आणि निक्कोदेवी.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग जास्त वेळ माझ्या बुटांकडे.

म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी आले होते मी.
एक वाडगा केला होता.
भाजून, झिलई देऊन पाठवू म्हणाला होतात.
पत्ता लिहून दिला होता.
(पत्ता तेव्हा दोघांचा होता. हे सांगितलं नाही.)

पाठवला असेल, ती म्हणाली.
परत आला असेल, मी म्हणाले.
मग असेल, ती म्हणाली, आणि ओढणीला हात पुसले.

मागच्या खोलीत एक फळी होती, मधोमध वाकलेली,
रिकामी.
परत आलेलं, न नेलेलं सगळं इथे ठेवायचो.
लोक येतात, माती कालवतात, हसतात, फोटो काढतात,
आणि घरी जाऊन घर बदलतात.
फळी मोडायला आली तेव्हा गावात वाटून टाकलं.
चल, दाखवते.

चहाच्या टपरीत साखर
इंदूरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या फुलदाणीत.
शाळेत खडू
कुणा नवपरिणीत जोडप्याच्या मगात. कान गेलाय,
बुडाशी दोन आद्याक्षरं, त्यातलं एक झिजलेलं.
जर्मो गद्दी मेंढ्यांना खडेमीठ चारतो ती परात
हॅम्बुर्गच्या माणसाची.
आठ दिवस राहिला होता.
रडायचा. पण माती चांगली मळायचा.
सरपंचांच्या उंबऱ्यात चपलांशेजारी
एक उभट काहीतरी, कशासाठी केलं होतं
ते करणाऱ्यालाही कळलं नसणार.
त्यात छत्र्या.

आणि निक्कोदेवीच्या परड्यात,
कोबीच्या वाफ्याजवळ,
निळसर, एका बाजूला बसका वाडगा.
त्यात पाणी, पाण्यात पीस,
काठाशी तांबडी कोंबडी.

हा असेल तुझा.

कोंबडी हटेना. मीच दोन्ही हातांनी उचलला,
पाणी बुटांवर सांडलं.
खाली नाव नव्हतं.
बुडाशी अंगठ्याचा खळगा होता.
मी माझा अंगठा लावून पाहिला. बसला.
निक्कोदेवीने तिचा लावला.
तोही बसला.

आम्ही दोघी काही बोललो नाही.
कोंबडी बोलत होती.

मी वाडगा जागेवर ठेवला, कूल्हीतून भरून आणला,
पीस परत घालायचं की नाही कळेना,
घातलं.

वर आलो तर पुन्नूराम चाकावर.
अठ्ठावीस वर्षं तो याच स्टुलावर बसतो,
वीज गेली की डोळे मिटतो, आली की उघडतो,
मधल्या वेळात हातातलं भांडं तसंच थांबलेलं.
आत्ता वीज होती. त्याने एक गोळा
थापटून माझ्याकडे सरकवला.
भातखाचराच्या तळाची राखी माती,
हाताला गार, पोटाशी अजून थोडी ओली.

पत्ता लिहायची वही कुठेय, मी विचारलं.
त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

बूड जाड ठेव, म्हणाला.
पातळ असलं की कोंबड्या कलंडवतात.