शंभराला दहा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
रेझिन आपणहून पातळ होतं.
जानेवारीत त्याला गरम पाण्यात बसवावं लागतं,
बाळाच्या तेलाच्या वाटीसारखं.

भुजकडून अकरा इन्सुलेटर परत आले,
लाकडी खोक्यात, गवतात, जपून पाठवलेले,
जणू अजून फुटायचे राहिलेत.
प्रत्येकाला एकच चीर,
पितळी बोल्टाच्या आट्यापासून निघालेली,
केसाएवढी, सरळ,
वाटेत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी एक पुरता फोडला.
आतली बाजू आरशासारखी. माझा चष्मा दिसला त्यात.
"केटलुं चोख्खुं!" कीर्तिभाई म्हणाले.
चोख, हो. पण जे इतकं चोख फुटतं
ते फुटताना भांडलेलं नसतं.
कडकपणाचा दाखला होता आमच्याकडे, शिक्क्यासकट.
चिवटपणाचा रकाना
फॉर्मवर नव्हताच.

साच्यांवरचा रमणीक म्हणाला, दिवेल नाखो, बेन.
एरंडेल. त्याच्या आजोबांच्या गाड्याचा आस
त्यावर चालायचा.
तीस वर्षं साचे पुसलेल्या माणसाचं ऐकायचं असतं,
म्हणून घातलं.
तिसऱ्या दिवशी कांडीला घाम सुटला.
आतल्यांनी त्याला आत घेतलंच नव्हतं.

मग द्रवरूप रबर.
दिसायला काकवी, वास सायकलच्या दुकानाचा.
तेही नुसतं ओतून चालत नाही.
आधी रेझिनबरोबर दोन तास, दीडशे अंशांवर,
ढवळत राहायचं, टोकाला टोक जुळेपर्यंत,
हार्डनर त्यानंतर.
शंभराला पाच.
शंभराला दहा.
शंभराला पंधरा.
वहीत अक्षर मराठी, आकडे गुजराती,
शाळेपासूनची खोड.

ओव्हनमध्ये घट्ट होता होता
मधाचा रंग गेला, कांडी दुधाळ झाली.
कीर्तिभाईंना वाटलं, माल बिघडला.
बिघडला नव्हता. रबराचे थेंब,
डोळ्यांना न दिसणारे,
विरघळणं सोडून आपापल्या जागी बसले होते,
कडेनं मात्र पक्के बांधलेले.

रात्री आईला हे सांगितलं.
"म्हणजे दांडिया बाजारातले आपण," ती म्हणाली,
"विरघळलो नाही, सुटलोही नाही."
मी म्हटलं, आई, हे इन्सुलेटर आहेत.

लंबक सोडला.
साध्या कांडीचे टक्कन दोन तुकडे,
आणि लंबक पुढे, वाटेत काही नसल्यासारखा.
दहाच्या कांडीवर तो अडखळला.
आवाज जाड, लाल भोपळ्यात सुरी रुतते तसा.
फुटलेली बाजू खरखरीत, पांढरट,
चष्मा दिसेना.
चीर थेंबापाशी येते, थेंब ताणतो,
पोटात पोकळी धरतो, चिरेचं बळ तिथं खर्च होतं.
ती बाजूनं वाट काढते.
तिथंही एक थेंब.

पंधराची कांडी आणखी चिवट.
पण एकशे दहा अंशांना ती वाकली,
नमस्कार केल्यासारखी.
ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी नमस्कार चालत नाही.

म्हणून दहा. सहा नवे इन्सुलेटर ओतले,
ओव्हनमधून थेट फ्रीझरमध्ये,
फ्रीझर बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला,
दारावर अजून केसर-पिस्त्याचा कोन.
तिथून पुन्हा ओव्हन. दहा फेऱ्या.
रमणीक घरी गेला नाही, सेव-उसळ घेऊन आला,
वरचा रस्सा वेगळ्या पिशवीत.

पहाटे, शेवटच्या फेरीत,
सहातल्या एकाला चीर पडली.
तिथूनच, बोल्टाच्या आट्यापासून.
आम्ही दोघं टॉर्च धरून बघत बसलो.
ती थोडी चालली, वळली,
आणि थांबली.

फॉर्मवर पट्टी ठेवून मी एक रकाना आखला.
त्यात पेन्सिलीनं लिहिलं, नखभर.
मग खोडलं,
मोजून लिहिलं,
चार मिलिमीटर.