मधला थांबा

पहाटे पाचला कुस्कोच्या चौकात व्हॅन उभी.
एउलोखिओ काचेवरचं दव जुन्या वर्तमानपत्रानं पुसतोय.
मी नावं वाचते. चौदा.
एकीला उंची लागली आहे. तिला कोकाची पानं देते,
सांगते, चावू नका, नुसती गालात धरा,
गुपित धरतात तशी.

पिसाकच्या पायऱ्या चढताना तेच सांगते
जे मागच्या मंगळवारी सांगितलं:
या भिंतीत चुना नाही, माती नाही,
फटीत सुरीचं पातं शिरत नाही.
मग कुणीतरी खिशातून बँकेचं कार्ड काढतो
आणि खरंच घालून बघतो.
रखवालदार शिट्टी फुंकतो.

"तुमचे पूर्वज?" मागून एक म्हातारे गृहस्थ विचारतात.
हो, म्हणते.
खरं तर माझ्या आजोबांचे आजोबा
कुणाच्या तरी जहागिरीत बटाटे उकरायचे,
त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नाही.
पण "हो" छोटं असतं,
आणि दहा वाजायला आलेले असतात.

साडेअकरा. वाय्यापाता.
पाटी: पारंपरिक गाव. शौचालय दोन सोल.
बाया रांगेत उभ्या, लाल घागरे, सपाट टोप्या,
प्रत्येकीच्या हातात रानफुलं.
चौथी माझी आई.
हे मी कुणाला सांगत नाही. संस्थेचा नियम आहे,
कुणा एकीचा माल जास्त खपता कामा नये.
म्हणून मंगळवारी तासभर
ती नुसती "या बाई"
आणि मी तिची सेन्योरिता.

निवडुंगावरचे किडे ती तळहातावर चिरडते: लाल.
लिंबू पिळते: नारिंगी.
सगळे "आहा" म्हणतात, दर वेळी, त्याच जागी.
तिची वाक्यं मला पाठ आहेत,
कधी कधी तिच्याआधीच माझं भाषांतर होऊन जातं.

आज ती लिंबाशी थांबली.
त्याच सुरात, तशीच हसत, केचुआत म्हणाली:
"शुक्रवारी आपल्या वरच्या शेताचा गडगा ढासळला.
बटाटे दगडांखाली गेले.
तुझा बाप एकटाच रचत बसलाय, गुडघा हा एवढा सुजलाय.
लिमावाला म्हणतो, रजा नाही.
तू फोन उचलत नाहीस.
सांग आता यांना, काय सांगायचं ते."

चौदा चेहरे माझ्याकडे वळले.
कुणीतरी चित्रण करत होतं.
मी म्हटलं,
"त्या म्हणतात, आमच्याकडे दगडाचं काम
बापाकडून लेकरांकडे येतं.
आजही आम्ही चुन्याशिवाय भिंती रचतो."

टाळ्या.
आईला इंग्रजी येत नाही,
टाळ्या येतात.
तिनं लिंबू पिळलं.

म्हाताऱ्या गृहस्थांनी एक पट्टा घेतला, घासाघीस न करता.
या नक्षीचा अर्थ काय?
आई म्हणाली, अर्थ कसला, उरलेला धागा होता.
मी म्हटलं, नदी.

दुपारी ओय्यानतायताम्बो.
डोंगरमाथ्यावर सहा प्रचंड शिळा,
आणि खाली वाटेत पडलेल्या काही, ज्या पोचल्याच नाहीत.
लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात.
इथे मी एरवी एक विनोद करते.
आज तो आठवला नाही.
सगळे आपापले फोटो काढत राहिले,
मी एका दगडाच्या सावलीत बसले,
हात न लावता.

रात्री आठला चौदाही उतरले,
बक्षिशी दिली, कुणी मिठी मारली,
व्हॅनमध्ये एक टोपी राहिली, नेहमीसारखी.
उद्या किती, मी विचारलं.
नऊ, एउलोखिओ म्हणाला.
उद्याचे लुस्मिलाला दे, मी म्हटलं,
मला जरा काम आहे.

त्यानं काय काम ते विचारलं नाही.
तेव्हा आठवलं,
तो सकाळी दाराशीच उभा होता, आईच्या मागे,
आणि तो पलीकडच्याच खोऱ्यातला.
दिवसभर गालात धरून होता.

सीटखाली हात घालून त्यानं
चामड्याचे हातमोजे काढले, माझ्या मांडीवर टाकले.
"सकाळी सहाची मालगाडी वर जाते," म्हणाला,
"डाव्याचा अंगठा फाटलाय.
जड दगड उजव्यानं उचल."