खालची बाजू

जुनं ते सोनं, असं जो कुणी म्हणाला
त्याने ओकचं कपाट
तिसऱ्या मजल्यावरून, चिंचोळ्या गोल जिन्याने
पाठीवर पेलत कधी उतरवलेलं नसणार.
माझ्या वडिलांनी उतरवली. चाळीस वर्षं.
शेवटी त्यांची पाठच
दुकानातल्या सगळ्यात डुगडुगत्या खुर्चीसारखी झाली,
आणि तिला कुठलाच सरस धरेना.

टोंगेरेनला रविवारचा बाजार पहाटेच भरतो.
वानेस व्हॅन मागे घेतो, मी थर्मास उघडते,
आणि टॉर्चच्या उजेडात गिऱ्हाइकं
आमच्या खुर्च्यांचे पाय चाचपतात,
बैलाचे दात मोजावेत तशी.
तोट्याचा धंदा आहे, नवरा म्हणतो.
म्हणतो, आणि स्वतःच एक मोडका स्टूल
कुणाच्या तरी कचऱ्यातून उचलून आणतो.

वडिलांचा एक नियम होता:
विकणाऱ्याच्या देखत टेबल उलटं करायचं नाही.
माणसाला त्याच्याच घरातली धूळ दाखवू नये.

म्हणून हर्मिनबाईंकडचं जेवणाचं टेबल
मी उलटं केलं ते मागच्या शेडमध्ये,
मेणाच्या डब्यांशेजारी. फिनने दिवा धरला.
किड्याची भोकं सतरा, जुनी, कोरडी.
दगड झालेला एक च्युइंग गम.
कुणा सुताराचा खडूतला आकडा.
आणि पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत:
'मी बावो. सूप संपल्याशिवाय बाहेर येणार नाही.'

फिन हसली. तिला चौदावं लागलंय, तिला सगळ्याचंच हसू येतं.
मला मात्र रात्रभर ते पोर दिसत राहिलं,
डोक्यावर चमच्यांचा आवाज,
चहूकडून मोठ्या माणसांचे गुडघे.

सकाळी बाईंना फोन केला.
वाटलं, मुलगा असेल त्यांचा,
आता साठीचा, आईला क्वचित फोन करणारा.
भाव ठरवताना ही ओळ धरली नव्हती,
तेवढी तरी परत करावी.
'बावो?' त्या म्हणाल्या. 'आमच्यात कुणी बावो नाही हो.
टेबल आम्ही जुनंच घेतलं होतं, लग्नाच्या वर्षी.
तुमच्याच दुकानातून.
ओडिलोनने स्वतः आणून ठेवलं,
आणि जिना चढल्यावर दोन ग्लास पाणी प्यायला.'

वह्या पोटमाळ्यावर होत्या.
त्यांचं अक्षर बारीक, तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखं.
चौऱ्याहत्तर साल, मार्च:
ओकचं टेबल, एक पाय नवा बसवला.
वरून घासलं. खालून नाही.

इतकंच. कारण लिहिलेलं नाही.
ज्यांनी प्रत्येक डाग काढला,
दौत सांडलेली, मेणबत्ती जळलेली, रागात मारलेला काटा,
त्यांनी हे एक पोर
बसलं होतं तिथेच बसू दिलं,
आणि मला कधी सांगितलं नाही.

काल लिएजहून एक जोडपं आलं.
टेबल आवडलं. पांढरं रंगवणार, म्हणाले.
माझ्या जिभेवर आलंच होतं, की हे विकलं गेलंय.
पण ज्या दुकानात काहीच विकायचं नाही
ते दुकान कसलं, ते तर आजारपण.
तीनशे वीस मागितले, दोनशे नव्वदला सोडलं.
पावतीवर खाली लिहिलं:
वरून रंगवा. खालून रंगवू नये.
ती बाई म्हणाली, 'लाकूड खराब होतं का?'
मी म्हटलं, 'हो.'

व्हॅन गेली. फरशीवर चार फिकट चौकोन उरले,
आणि मी नीट बघायच्या आत
वानेसने तिथे कपाट ढकललं.