सराव

कोत्का बंदरात चाळीस टनांचा कंटेनर
मी दोन बोटांनी उचलतो, अंड्यासारखा ठेवतो.
घरी त्याच बोटांना
एवढासा कोल्हा खड्ड्यापलीकडे नेता येत नाही.

महिन्याच्या वर्गणीत तीनशे खेळ,
निम्म्यांची नावंही धड वाचलेली नाहीत.
एकात नुसत्या उड्या शिकतो,
एकात ढाल वेळेवर उचलायला.
शेतीच्या खेळात शिकण्यासारखं काही नाही.
तिथे एक गाय आहे, तिच्यासाठी जातो.

नोव्हेंबरात नवा खेळ येणार,
दोघांनी मिळून खेळायचा.
"बाबा, येशील ना जोडीला?" सैनीने विचारलं, ओस्लोहून.
तिच्या आईला पुरल्यापासून
आमचं बोलणं हवामानापुढे सरकलं नव्हतं.
हो म्हणून बसलो.
आता तिच्या गळ्यात धोंड नको, म्हणून
रात्रपाळी संपवून येतो आणि मरतो,
उठतो, त्याच पुलावरून पुन्हा मरतो.

काल कळलं, खेळ लांबला. थेट वसंतात.
मी मुकाट्याने पाच महिन्यांची वर्गणी भरली.
खाडीत बर्फ धरू लागलाय,
पण तिने ते विचारलंच नाही.
"कुठे अडकलायस?" म्हणाली.

पुलाबद्दल मी अर्धा तास बोललो.
मग गाय दाखवली.