चाळणीत उरलेलं

फायाल बेटावर, ओर्ता बंदरामागच्या गल्लीत
फिलोमेना बेतेंकूर चिखल धुते.
तिच्या नोकरीचं एवढंच वर्णन.

दोन हजार मीटर खालचा चिखल,
नळीतून वर आलेला, राखाडी, लोण्यासारखा.
वीतभर लांबीत हजारो वर्षं
एकमेकांच्या मांडीवर बसलेली.
नळ सोडायचा. बोटानं ढवळायचं.
जायचं ते जाऊ द्यायचं.

उरतं ते भिंगाखाली.
शिंपल्यांचा भुगा, आणि मधूनच
एक काच:
तपकिरी, वाकलेली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कुणाच्या हातात वाढलेल्या बांगडीचा
सगळ्यात धाकटा तुकडा.
(फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं.)

स्फटिक व्हायला निवांतपणा लागतो.
हिला तो मिळाला नाही.

वरून आली, म्हणतात साहेब.
एखाद्या बेटानं राख उडवली, वाऱ्यानं नेली,
लाटांनी खेळवली, कंटाळून सोडली.
खालून, म्हणते फिलोमेना.
लाव्हा तळावर पसरताना पोटाखाली पाणी सापडलं,
उकळलं,
वितळल्या दगडाचा फुगा फुगला, आणि त्याचीच ही साल.
"एवढ्या ओझ्याखाली? डोक्यावर दोन किलोमीटर समुद्र!
तिथे फुगा फुगेल कशाच्या जिवावर?"
तिच्याकडे उत्तर नाही.
काच आहे.
राखेची काच फेसाळ असते, भोकाभोकांची.
हिला वारा कधी लागलेलाच नाही.

तिचा आजोबा झेफेरीनो देवमाशांचा टेहळ्या.
सत्तावन्नच्या सप्टेंबरात, कापेलिन्योशच्या कड्यावरून,
त्याला समुद्रात फवारा दिसला
आणि त्यानं बार उडवला: होड्या लोटा!
होड्या निघाल्या.
वल्ह्यांना पाणी कोमट लागलं, तेव्हा वळल्या.
पुढे तेरा महिने राख.
कौलं बसली, मळे बुजले,
दीपगृह कमरेपर्यंत गाडलं गेलं,
शेजारपाजार अमेरिकेला गेला तो गेलाच.
म्हातारा मरेपर्यंत सांगायचा:
आधी मासाच होता, मी पाहिला.
डोंगर तो नंतर झाला.
घरात सगळे हसायचे. फिलोमेनाही.

आता ती ओल्या कुंचल्याच्या टोकानं
काच उचलते, श्वास रोखून,
कारण शिंक आली तर एवढा पुरावा
फरशीवर शोधायचा कुणी.

नोंदवहीत 'उगम' नावाचा रकाना आहे.
तिथे ती पेन्सिलीनं लिहिते, खालून.
खोडत नाही.
पेनही उघडत नाही.
नळ सुरूच आहे, पुढचा चिखल भिजतोय.