उघाडी

नकाशात त्याचं नाव 'मुख्य नाला, क्रमांक चार'.
आमच्या घरी नुसतंच: पाणी आलं, पाणी गेलं.

माझा बाप हसुराम उघाडीवर असायचा.
सागाची फळी, काथ्याने बांधलेली.
खाडी चढली की आपोआप मिटे,
उतरली की उघडे.
तरी तो रात्री उठून फळीला कान लावी.
"इचारावं लागतं," म्हणायचा,
"भायेर कोन हाय."

मग खारपाटावर चुन्याच्या रेघा आल्या,
रेघांमागून मशीन.
बांध कापला तेव्हा मी आठ वर्षांचा.
आतून निघाले शिंपले, माठाची खापरं
आणि काळा चिखल, ज्याला भाताचा वास होता;
निदान बापाला आला.

पैशातून घरावर पत्रे आले, काकाची राजदूत,
अन् पुढे मला ही नोकरी:
वाशी, पंपहाऊस, रात्रपाळी.

झडप आता लोखंडी.
साहेबांच्या भिंतीवर भरतीचा छापील तक्ता.
मी अजून बोटांवर मोजतो,
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण.
परवा तक्त्यात नि बोटांत अर्ध्या तासाचा फरक पडला.
तक्ता बरोबर होता.

समोरच्या सोसायटीतल्या बाई नाकाला रुमाल लावून विचारतात,
हे गटार येतं कुठून?
समुद्रातून, मी म्हणतो.
त्या हसतात.
काठावरच्या सिमेंटवर एक निवटी
डोळे वर काढून बसलेली असते,
ती हसत नाही.

पहाटे तीनला पंप थांबतो.
तेवढ्यात मी झडपेला कान लावून घेतो.
लोखंड गार.
पलीकडे कुणीतरी
उभ्या उभ्या
पाय बदलतं.